जंतसाहेब

साहेबांच्या निरोप समारंभाला साहेब आलेच नाहीत.

गुरांच्या दवाखान्याच्या आवारात मांडव घातला होता. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी शिजली होती. शाल, नारळ, हार टेबलावर मांडून ठेवले होते. जळगावहून आलेल्या वरिष्ठांना परतायची घाई, म्हणून भाषणं सुरू झाली. रिकाम्या खुर्चीकडे हात करून एकेक जण बोलून गेला. मनमिळाऊ, शांत, सगळ्यांना सांभाळून घेणारे. मी त्यांच्या हाताखालची पशुवैद्यक. खाली मान घालून ऐकत होते आणि माझं डोकं तापत चाललं होतं. ज्या माणसाने अख्ख्या नोकरीत कुणालाच सांभाळून घेतलं नाही, त्याला तुम्ही जाता जाता शांत ठरवताय? तो समोर नाही म्हणून?

साहेब त्या वेळी सातपुड्याच्या पायथ्याशी, जंगलातल्या एका पाणवठ्यावर, भर उन्हात टिकावाने जमीन खोदत होते. वनखात्याचा एक माणूस त्यांच्यापुढे उभा राहून विनवत होता, "साहेब, नका करू, माझी नोकरी जाईल." आणि साहेब त्याला म्हणत होते, "कृपया बाजूला व्हा."

हे 'कृपया' फार वाईट. साहेब मूळचे शिंदखेड्याकडचे. मन ठिकाणावर असलं की अहिराणीत बोलत. रागावले की शुद्ध मराठीत शिरत, आणि राग जितका मोठा तितकी मराठी शुद्ध. त्यांच्या तोंडून 'कृपया' निघालं की दवाखान्यातला शिपाई मागच्या दाराने चहा प्यायला निघून जाई.

लोक त्यांना जंतसाहेब म्हणत. पाठीमागे म्हणत असं नाही, तोंडावरही म्हणत. त्यांना त्याचं काही नव्हतं. मी नशिराबादहून नव्या नोकरीवर हजर व्हायला आले, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मी दचकून मागे सरले. ते म्हणाले, "फिकट शे. पालक खात जा, बाई." आणि सहीसाठी कागद पुढे केला.

शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातला एक जंत रक्त पितो. अंगातलं रक्त उतरलं की पापणीची आतली बाजू आधी गुलाबी, मग पांढरी पडते. साहेबांनी आयुष्यभर मेंढ्यांच्या पापण्या पाहिल्या आणि त्यांना ते व्यसनच लागलं. चहावाला, बस कंडक्टर, तपासणीला आलेले अधिकारी, कुणाचीही पापणी त्यांनी सोडली नाही. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात ते गमबूट घालूनच आले, अक्षता टाकायला नवरीपुढे गेले आणि तिची पापणी ओढून मोठ्याने म्हणाले, "हिला आधी दवाखान्यात न्या. लग्न काय, उद्याही लागेल." मांडवात गोंधळ उडाला. त्यानंतर त्यांना लग्नाची पत्रिका कुणी दिली नाही. मुलीला मात्र पुढे रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या. हे कळल्यावर साहेबांना आनंद वगैरे झाला नाही. त्यांनी तिच्या बापाला भर बाजारात गाठून झापलं.

'बिचारी' हा शब्द त्यांना सहन होत नसे. कुणी आजारी शेळी घेऊन आलं आणि "बिचारी दोन दिवसांपासून खात नाही" म्हणालं की ते उसळत. "बिचारी नाही, आजारी. आजाराला औषध असतं. बिचारेपणाला काय टोचू?" शेळीवाली बाई घाबरून गप्प होई. मग तेच खाली बसून शेळीचं तोंड मांडीवर घेत आणि तिच्याशी अहिराणीत काहीबाही पुटपुटत. माणसांशी इतक्या मऊ आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

तर तो पाणवठा. उन्हाळ्यात जंगलातल्या जनावरांना पाणी मिळावं म्हणून वनखात्याने तिथे सिमेंटची टाकी बांधलेली. बांधली तेव्हापासून ती गळत होती. चारी बाजूंनी डोंगर वाळून कोळ झालेला आणि टाकीभोवती मात्र गुडघ्याएवढं हिरवंगार गवत. त्या हिरव्या तुकड्यावर सगळ्यांचीच नजर. सकाळी पाड्यावरच्या शेळ्या यायच्या. दुपारी रानातल्या वाटेने जाणाऱ्या मेंढपाळांच्या मेंढ्या. संध्याकाळी चितळं उतरायची. सगळे तिथेच चरायचे, तिथेच लेंड्या टाकायचे, आणि पुन्हा तिथलंच गवत खायचे. साहेबांनी ती टाकी दुरुस्त करा म्हणून वनखात्याच्या कार्यालयात किती वेळा तोंड वाजवलं असेल, त्याला हिशोब नाही. तिथले मोठे साहेब दर वेळी म्हणत, "अहो डॉक्टर, थोडं हिरवं राहतंय तर राहू द्या की. जनावरांनाच होतंय."

मग एका उन्हाळ्यात चितळं मरायला लागली. टाकीच्या आसपासच पडलेली सापडायची. अंगावर जखम नाही, गोळी नाही. वनखात्याने ठरवून टाकलं की पाण्यात कुणीतरी विष कालवलं, शिकारीसाठी. पाड्यावरचा एक माणूस आदल्या दिवशी टाकीपाशी शेळ्यांना पाणी पाजताना दिसला होता. त्याला घरातून उचलून नेलं. पावरा समाजाचा, डिंक आणि मोहाची फुलं गोळा करून पोट भरणारा माणूस. त्याची बायको कडेवर लेकरू घेऊन आमच्या दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. दुसरं कुठलं सरकारी दार तिच्या ओळखीचंच नव्हतं. तिच्या शेळीला साहेबांनी एकदा वाचवलं होतं, म्हणून ती इथे आली.

मेलेल्या चितळाचं शवविच्छेदन करायला आम्हालाच बोलावलं होतं. मी सुरी धरली, साहेब शेजारी उकिडवे बसले. पोट उघडलं तर रक्ताचं पाणी झालेलं. गळ्याखाली पाणी साठून सूज आलेली. आतड्यांचा रंग उतरलेला. साहेबांनी माझ्या हातातून सुरी घेतली आणि चौथं पोट चिरलं. रवंथ करणाऱ्या जनावराचं खरं पचन होतं ते हेच पोट. ते आतून हलत होतं. लाल आणि पांढऱ्या दोऱ्याचा पीळ घालावा तसे बारीक जंत, एकमेकांत गुंतलेले, अख्खं अस्तर झाकून टाकलेले.

"हाई दख, बाई," ते हळूच म्हणाले. "हाई मेंढीमा दखं व्हतं ना तू? तोच शे."

त्यांनी माझा जेवणाचा स्टीलचा डबा मागितला. मी भाकरी काढून घेतली आणि डबा दिला. तो पुन्हा मी कधी वापरला नाही.

वनखात्याच्या कार्यालयात तेव्हा बैठक चालली होती. मोठे साहेब, दोन-तीन खालचे अधिकारी, बाहेरून आलेले कुणी पाहुणे. टेबलावर चहा आणि बिस्किटांची बशी. साहेब गमबुटासह आत शिरले, बशी बाजूला सरकवली आणि डबा उघडून मधोमध ठेवला.

"नमस्कार," ते म्हणाले. मराठी इतकी शुद्ध होती की मला दारातच घाम फुटला. "आपले आरोपी घेऊन आलो आहे. कृपया मोजून घ्यावेत. सगळ्यांना कोठडीत टाकावं आणि आत बसवलेल्या त्या माणसाला घरी सोडावं."

एक अधिकारी तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला. मोठे साहेब खुर्ची मागे सरकवत म्हणाले, "डॉक्टर, काय हे! झाकण लावा आधी."

"का? चितळांच्या पोटात असताना चालले, टेबलावर चालत नाहीत?"

"हे विष नाही कशावरून? तपासणीचा अहवाल येऊ द्या."

"अहवाल येईल तेव्हा येईल. हे रक्त पिऊन जगणारे जंत आहेत. चितळाच्या अंगात रक्तच राहिलं नव्हतं. विष घालणारा रक्त पीत नाही. आणि हे पोटात गेले ते तुमच्या टाकीखालच्या गवतातून. सगळा डोंगर वाळला की उन्हात यांची पिल्लं मरतात. तुम्ही त्यांच्यासाठी भर उन्हाळ्यात ओलावा ठेवलाय. पाळणाघर चालवताय तुम्ही!"

त्या माणसाला सोडलं. त्याची बायको साहेबांच्या पाया पडायला आली, तर तिच्यावरही ओरडले, "पाया कसल्या पडतेस? भांड त्यांच्याशी!" ती हसत-रडत निघून गेली. त्या संध्याकाळी साहेब खूष होते. मला म्हणाले, "चाल, शेवभाजी खाऊत." ढाब्यावर बसून ते रश्श्यात भाकरी कुस्करत होते, आणि मला वाटलं, आता टाकी दुरुस्त होईल, गवत वाळेल, संपलं.

टाकी दुरुस्त झाली नाही. जंगलाच्या वाटेवर पाटी लागली, मेंढ्यांना आत येण्यास सक्त मनाई. खाली कारण लिहिलेलं, वन्यप्राण्यांमध्ये जंतांचा प्रादुर्भाव. साहेबांनी टेबलावर ठेवलेला पुरावाच उचलून त्यांनी मेंढपाळांच्या अंगावर फेकला होता.

मी त्यांना इतकं पेटलेलं कधी पाहिलं नव्हतं. पुन्हा त्याच कार्यालयात, मी मागे.

"मी जंत दाखवले आणि आपण मेंढ्या पकडल्या?"

"जंत मेंढ्यांचेच ना, डॉक्टर? तुम्हीच म्हणालात."

"मेंढ्यांचे, शेळ्यांचे, चितळांचे. जंत जातीचा दाखला विचारून पोटात शिरत नाही. मेंढ्या बंद केल्या तरी शेळ्या आहेत, शेळ्या बंद केल्या तर चितळंच एकमेकांना देतील. गवत ओलं आहे तोवर हे थांबणार नाही. टाकी दुरुस्त करा. मेंढ्यांना मी लागू पडेल ते औषध पाजतो, काही दिवस कापसाच्या मोकळ्या शेतात बसवतो, मग वाटेने जाऊ द्या."

"वरून आदेश आहे."

"वर कोण बसलंय? मेंढी खाली आहे!"

मोठे साहेब हसले. मला अजून तो हसरा चेहरा आठवला की हात शिवशिवतात. त्यांच्या दृष्टीने सगळं नीट जमलं होतं. चितळं मेली, कारण सापडलं, पाटी लागली. ज्यांचं गाव कुठल्याच एका ठिकाणी नाही, ज्यांच्यासाठी कुणी मोर्चा काढणार नाही, अशा माणसांना दोषी ठरवण्यासारखं सोपं काम नाही.

जंगलाची वाट बंद झाली म्हणून मेंढपाळांचा एक तांडा महामार्गाच्या कडेला अडकून पडला होता. तांड्यातले वयस्कर गृहस्थ, त्यांना सगळे नाना म्हणत, साहेबांच्या फार जुन्या ओळखीचे. दोघं शिंदखेड्याच्याच बाजूचे. आम्ही गेलो तेव्हा मेंढ्या रस्त्याकडेच्या बाभळीखाली पडून होत्या. काहींच्या गळ्याखाली तीच पाण्याची पिशवी लोंबत होती. नाना एका मेंढीला धरून बसले होते. साहेब नेहमीप्रमाणे सुरू झाले. वनखात्याला शिव्या, कलेक्टरला शिव्या, सरकारला शिव्या.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी साधेपणाने विचारलं, "साहेब, औषध ते तुम्हीनच पाजं व्हतं ना? दर साले. शिबिरमा. मंग जंत काबरं नही मरनात?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

 मला उत्तर माहीत होतं, कारण साहेबांनीच मला ते शिकवलं होतं. वर्षानुवर्षं शिबिरं झाली. वरून एकच औषध यायचं, तेही अपुरं, आणि सगळ्या मेंढ्यांना पाजल्याचं दाखवायचं. मग औषधात पाणी घालायचं. मोठी मेंढी, लहान मेंढी, सगळ्यांना घोट-घोट. जे जंत त्या पातळ औषधाने मेले नाहीत ते वाढले, आणि त्यांच्या पोरांना मग खरं औषधही लागेना. साहेब तरुण होते तेव्हा या भागातली शिबिरं त्यांनीच घेतली होती. हार घालून त्यांचा सत्कारही झाला होता.

"पानी टाकेल व्हतं त्यामा, नाना," साहेब म्हणाले. "मीच टाकं व्हतं."

 शेजारी चुलीपाशी बसलेली नानांची म्हातारी उठली, मेंढीला ओढत दूर घेऊन गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.  त्यांचा राग इतका मोठा कशाने झाला होता, हे मला त्या दिवशी समजलं. जगावर ओरडताना त्या ओरडण्यातला मोठा वाटा ते स्वतःलाच देत होते.

दुसऱ्या दिवसापासून ते त्या मेंढ्यांमागे लागले. कुठून कुठून दुसरं औषध मिळवलं, एकेक मेंढी तोलून पाजली. निम्म्याहून अधिक वाचल्या. पण वाट उघडली नाही. चारा नाही, रस्त्यावर ट्रक. तांडा बोदवडच्या दिशेने सरकला तो विखुरतच गेला.

आणि मग आला निरोप समारंभाचा दिवस. साहेब सकाळी दवाखान्यात येऊन किल्ल्या माझ्या हातात देऊन गेले होते. मला वाटलं, घरी कपडे बदलायला गेले. ते गेले पाणवठ्यावर. बरोबर कुणीच नव्हतं असं नाही. ज्याला वनखात्याने उचलून नेलं होतं तो पाड्यावरचा माणूस आणि त्याची बायको फावडं घेऊन आले होते. साहेबांनी त्यांना खोदू दिलं नाही. "तुम्हाला पुन्हा आत टाकतील. माझी नोकरी आज संपते, मला काय करतात बघू." त्या दोघांनी लांबून दगड आणून दिले. साहेबांनी टाकीचं गळणारं पाणी वाहून जाईल असा चर काढला, हिरवं गवत मुळासकट उपटून उन्हात पसरलं, आणि टाकीभोवती दगड आणि मुरूम पसरून जमीन कोरडी केली.

राखीव जंगलात विनापरवाना खोदकाम केलं म्हणून त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. चौकशी बसली. एक ओळ माफीची लिहून द्या, विषय मिटवतो, असं त्यांना सांगण्यात आलं. "माफी मागायची तर मी मेंढ्यांची मागीन," ते म्हणाले, "त्यांना वाचता येत नाही." प्रकरण अजून चालू आहे.

पुढच्या उन्हाळ्यात त्या टाकीपाशी चितळं मेली नाहीत. मी स्वतः जाऊन पाहिलं. लेंड्या गोळा करून तपासल्या, जंतांची अंडी क्वचितच दिसली. जमीन कोरडी ठणठणीत होती. काही दिवसांनी वर्तमानपत्रात फोटो आला. मोठे साहेब त्या दगडी फरशीवर उभे, मागे टाकी, आणि खाली लिहिलेलं, वनखात्याचा आदर्श पाणवठा. पाटी मात्र होती तशीच होती. मेंढ्यांना सक्त मनाई.

मी तो फोटो घेऊन शिंदखेड्याला साहेबांच्या घरी गेले. मला वाटलं, पेपर फाडतील. त्यांनी तो पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "नाना कोठे शे?"

नाना धुळ्याजवळ एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत होते. उरलेली मेंढरं विकून टाकलेली. आम्ही गेलो तेव्हा जेवणाची सुट्टी होती. अंगावर, भुवयांवर, मिशीत कापूस. म्हातारी तिथेच झाडलोट करत होती. तिने आम्हाला पाहिलं, आणि या वेळी पाठ केली नाही. पाण्याचा तांब्या आणून दिला. मालकाचा पोरगा मोबाईलवर बोलत जाता जाता नानांना म्हणाला, "ए म्हाताऱ्या, सुट्टी संपली." नाना लगेच उठले.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "कृपया..." ते पोराकडे वळत म्हणाले, आणि नानांनी त्यांचं मनगट धरलं. इतकं घट्ट की साहेब थांबले.

"नका, साहेब."

"नका काय, नाना? तुमची मेंढरं गेली, वाट गेली, आता हा कालचा पोरगा... तुम्ही ओरडत का नाही? माझ्यावर तरी ओरडा! एकदा तरी!"

नानांनी मनगट सोडलं. डोक्याचं फडकं नीट बांधलं.

"राग तुमले परवडस, साहेब," ते म्हणाले. "आमले नही. आम्हीन ओरडूत ते आमले कामवर कोण ठेवी?"

आणि ते गाठींकडे चालू लागले.

 मी त्यांना घरी सोडलं. फाटक उघडताना ते थांबले आणि म्हणाले, "बाई, नानाचा चुलतभाऊ आहे. त्याच्याकडे अजून मेंढ्या आहेत. चोपड्याच्या रस्त्यावर अडकलाय." एवढंच. ते शुद्ध मराठीत बोलले होते, पण आवाजात जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी वनखात्याच्या कार्यालयात गेले. चपराशी म्हणाला, साहेब कामात आहेत. मी दार ढकलून आत गेले. मोठ्या साहेबांनी मान वर केली, मला ओळखलं, आणि हसून समोरच्या खुर्चीकडे हात केला.

"या मॅडम, बसा."

मी बसले नाही.